तिसऱ्या मजल्यावर उतरणारा दाब

“आजोबांच्या प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत ना गं? लक्ष ठेव जरा. बरं वाटायला लागलं की माणसं पहिली गोळी सोडतात.”

चिंगीला लस टोचता टोचता दवाखान्यातली सिस्टर हे बोलली, तेव्हा चिंगीच्या आईने ते हसण्यावारी नेलं होतं. एका काखेत किंचाळणारी दीड वर्षाची मुलगी, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, पिशवीत झाकण सैल झालेली दुधाची बाटली. अशा वेळी कोण काय मनावर घेणार? “आमचे बाबा? छे हो, ते घड्याळ लावून गोळी घेतात. चाळीस वर्षं बॉयलर सांभाळलाय त्यांनी,” ती म्हणाली. सिस्टर “बरं बाई” म्हणाली आणि पुढच्या बाळाकडे वळली.

त्यानंतर सात महिन्यांनी चिंगीला ताप आला. थर्मामीटर सापडेना म्हणून तिने सासऱ्यांचा खण उघडला, तर आत गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचून ठेवलेली. एकाही पाकिटातली एकही गोळी काढलेली नाही.

“सोडल्या,” सासरे शांतपणे म्हणाले. “सव्वादोन महिने झाले. आता गरज नाही.”

“कोणी सांगितलं गरज नाही?”

“काट्याने सांगितलं.”

हा माणूस अंगारेधुपारे करणारा नव्हता, हेच तर तिचं दुखणं होतं. साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर हयात गेलेली. कुणी भूत दिसलं म्हणालं, तर “किती अंतरावरून?” असं विचारणारे हे गृहस्थ. गल्लीतली पोरं त्यांना ‘काटेवाले आजोबा’ म्हणायची, कारण त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी दाब मोजणाऱ्या गेजचा काटा यायचा. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, हा त्यांचा धर्म. आणि नेमका तोच धरून कुणीतरी त्यांना गोळ्यांवरून उतरवलं होतं.

“रविवारी चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग बोल.”

नवरा दूरच्या कामावर, महिन्यातले आठ दिवस घरी. फोनवर तो म्हणाला, “तू बघ ना जरा.” घरातलं प्रत्येक काम शेवटी याच चार शब्दांवर येऊन थांबायचं. छापखान्यातून आणलेली मुद्रितं तपासायची तीच, चिंगीचं नाक पुसायची तीच, आणि आता सासऱ्यांचं हे बघायचंही तिनेच.

रविवारी सकाळी ती बघायला गेली.

फर्निचरच्या दुकानावर तिसरा मजला. लिफ्ट होती, पण तिच्यावर कायमची पाटी: ‘साधकांनी जिना वापरावा. चढण हीच पहिली साधना.’ रांग खालच्या फुटपाथपर्यंत आलेली. जाडे, बारके, काठीवाले, धापा टाकणारे, सगळे एकमेकांना आपले आकडे सांगत होते, जसे लोक मुलांचे मार्क सांगतात.

“मी एकशे नव्वदवर चढले आणि एकशे चाळीसवर उतरले!” तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या टायपिस्टबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. याच बाई सासऱ्यांना इथे घेऊन आल्या होत्या. पस्तीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेल्या, निवृत्त झाल्यावरही बोलताना बोटं मांडीवर टकटक चालणाऱ्या. “तीन महिने झाले, गोळीला हात नाही लावला गं. तू पण मोजून घे. बाळंतपणानंतर बायकांचं बिघडतं.”

“मला काही होत नाही, मावशी.”

“मलाही काही होत नव्हतं.”

चिंगीचे अकरा किलो कडेवर घेऊन ती तीन जिने चढली. वर दाराशीच एक टेबल. टेबलामागे हे केंद्र चालवणाऱ्या निवांतदादांच्या वहिनी, चेहऱ्यावर न संपणारं हसू. बसायला खुर्ची नाहीच. “हात सैल सोडा, अगदी खाली. शरीराला खोटं नाही सांगायचं,” असं म्हणत वहिनींनी तिच्या मनगटाला छोटं मशीन बांधलं, एकीकडे तिचं वय, मुलीचं वय, नवरा काय करतो, हे सगळं विचारून घेतलं. मशीन गुरगुरलं, थांबलं.

“एकशे बावन्न, खाली शहाण्णव,” वहिनी मान हलवत म्हणाल्या. “वय किती म्हणालीस? एकोणतीस? अगं बाई.”

एकशे बावन्न! ती मनातल्या मनात थेट आपल्या मरणापर्यंत गेली, चिंगीला शाळेत कोण सोडणार इथपर्यंत पोचली आणि परत आली. तोवर तिच्या हातात एक तांब्याची पट्टी पडली होती. दोन टोकांना दोन चुंबकं. मनगटात घालायची ही निवांतपट्टी.

आतल्या हॉलमध्ये आरामखुर्च्या मांडलेल्या, पंखे मंद, पडदे ओढलेले. आणि मध्ये निवांतदादा. भगवं नाही, माळा नाही, दाढीसुद्धा नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“आम्ही चमत्कार करत नाही!” दादा सुरू झाले. “चमत्कार निसर्ग करतो, आम्ही फक्त आडवे येत नाही. आता बघा, गोळी काय करते? गोळी दाबाला दाबते. आणि दाबलेला दाब कुठे जातो? दबा धरून बसतो!” टाळ्या. “यकृतात बसतो, गुडघ्यात बसतो, सुनेवर निघतो!” हशा. तो ओसरेपर्यंत दादा थांबले. “निवांतपट्टी दाबाला दाबत नाही. ती दाबाला समजावते. रक्ताच्या लहरी आणि चुंबकाच्या लहरी एका सुरात आल्या, की काटा आपोआप खाली. विश्वास ठेवू नका माझ्यावर! मशीनवर ठेवा!”

सासऱ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. बघ, असं म्हणणारी नजर.

मग वीस मिनिटं सगळे डोळे मिटून पडून राहिले. खरं सांगायचं तर दोन वर्षांत तिला दिवसाउजेडी वीस मिनिटं कुणी नुसतं पडू दिलं नव्हतं. तिला पट्टीचं नावही आठवलं नाही. ती कधीच चिंगीच्या हातात गेली होती, तिथून तोंडात, आणि चिंगी ती चोखत आईच्या पोटावर पसरली होती.

दुसऱ्या मोजणीला वहिनी प्रत्येक खुर्चीपाशी आल्या. आता खुर्चीच्या दांड्यावर एक उंच उशी ठेवायची, उशीवर कोपर, आणि मनगट पार कपाळाच्या रेषेत. “ऊर्जा वर वाहते,” वहिनी म्हणाल्या. मशीन चालू झालं आणि तेवढ्यात चिंगीने आईचा हात ओढून खाली घेतला, खुर्चीच्या बाजूला लोंबता. तिला मशीनचा दिवा हवा होता.

“एकशे एक्केचाळीस,” मशीनवर आलं.

वहिनींचं हसू पहिल्यांदाच गेलं. “नाही नाही, हा धरायचा नाही! हात खाली गेला, ऊर्जा सांडली. पुन्हा! वर घ्या, वर!” चिंगीला एका हाताने दूर सारत त्यांनी तिचं मनगट उशीवर चढवलं.

“अठ्ठ्याण्णव. बघा!” वहिनी मोठ्याने म्हणाल्या. आसपासच्यांनी टाळ्या वाजवल्या.

एका मिनिटात त्रेचाळीस उतरला होता. आणि पट्टी चिंगीच्या तोंडात होती.

हे तिला तिथेच दिसलं होतं. दिसूनही ती काही बोलली नाही. जिना उतरताना सासरे इतके खुशीत होते, नातीला खांद्यावर घेऊन गाणं म्हणत होते. त्यांच्या जिवावर तर घर चालत होतं. ती कामाला बसली की चिंगी त्यांच्याकडे. त्यांच्याशी वाजलं तर दुसऱ्या दिवसाची दुपार कशी निभवायची? थकलेल्या माणसाला खरं-खोटं करायला वेगळी ताकद लागते, आणि ती तिच्याकडे शिल्लक नव्हती. घरी आल्यावर सासऱ्यांनी आपली वही दाखवली. कारखान्यातल्या सवयीने प्रत्येक रविवारचे दोन आकडे रेघा मारून लिहिलेले. तपासनिसाची नजर तिची. तिला लगेच दिसलं.

“बाबा, दुसरा आकडा दर वेळी खाली आहे. पण पुढच्या रविवारचा पहिला आकडा पुन्हा तिथेच वर आहे. पट्टी तर आठवडाभर हातावर असते तुमच्या.”

“आठवड्यात साठतो परत.”

“मग पट्टी आठवडाभर करते काय?”

“तू आल्या आल्या चुका काढू नकोस. हे तुझं मुद्रित नव्हे,” ते म्हणाले, आणि वही मिटली. तिनेही विषय मिटवला. मिटवला म्हणजे, धुवायच्या कपड्यांसारखा कोपऱ्यात टाकला. नंतर बघू.

त्याला नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी सकाळी खालून टायपिस्टबाईंची हाक आली. हाकेत काहीतरी चुकलेलं होतं. ती धावत गेली, तर बाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, झग्याचं बटण लावू बघत होत्या. उजवा हात बटणापर्यंत जायचा आणि मांडीवर पडायचा. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला.

“बोटं ऐकत नाहीत गं,” त्या म्हणाल्या. शब्द ओले, लडबडलेले. दुसऱ्या मनगटावर पट्टी चकचकत होती.

त्यांना लगेच इस्पितळात नेलं म्हणून जीव वाचला. मेंदूत रक्ताची गाठ. दाब दोनशे दहा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा.

संध्याकाळी सासरे खिडकीपाशी बसून होते. ती चिंगीला भरवत होती.

“आता तरी गोळी घ्याल?”

“पट्टी काढून आंघोळ करायच्या त्या. दादांनी शंभरदा सांगितलं होतं, पट्टी काढायची नाही.”

“बाबा!”

“माझा आकडा खाली आहे,” ते म्हणाले. आवाज मात्र खाली नव्हता. “माझ्या डोळ्यांसमोर मोजलाय. मशीन काय माझा मेहुणा लागतो, माझी बाजू घ्यायला?”

ती भांडली असती. पण भांडून काय झालं असतं? ते हट्टाला पेटले असते, दार आपटून गेले असते आणि गोळी खणातच राहिली असती. पुढचं बटण कुणाच्या हातून सुटणार, एवढाच प्रश्न उरला होता.

दुसऱ्या दिवशी मुद्रितं उशिरा देते असं छापखान्याला कळवून ती सिस्टरकडे गेली. सगळं सांगितलं, अगदी चोखलेल्या पट्टीसकट. सिस्टर हसली नाही. तिने तिला खुर्चीत नीट टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. “पाच मिनिटं गप्प बस. बोलू नकोस.” मग दंडाला पट्टा बांधून मोजलं. “एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. ठणठणीत आहेस. झोप तेवढी काढ.”

“मग तिथे एकशे बावन्न कसं आलं?”

“तीन जिने चढलीस, काखेत पोरगी, उभ्याने मोजलं, वर बडबड चालू. त्यात हात लोंबता. कुणाचाही वर जाईल. मग वीस मिनिटं आराम, आणि हात डोक्याशी. कुणाचाही खाली येईल. मनगटाचं मशीन तर हाताच्या उंचीला फार भुलतं.” सिस्टरने पट्टा गुंडाळून ठेवला. तिलाही रविवारची सुट्टी मिळाली नव्हती, दिसतच होतं. “याला लोक चमत्कार म्हणतात आणि आमच्याकडे फुकट मोजायला बोलावलं तर येत नाहीत. दाब दुखत नाही ना. दुखला असता तर सगळ्यांनी गोळ्या घेतल्या असत्या.”

परत येताना तिला एकदम सुचलं. सिस्टरचं बोलणं सासऱ्यांना सांगून उपयोग नव्हता. सिस्टर, डॉक्टर, सून, सगळे त्यांच्या लेखी बाहेरचे. पण एक भाषा त्यांची स्वतःची होती.

दुपारी चिंगी झोपल्यावर ती चहाचे दोन कप घेऊन त्यांच्यासमोर बसली.

“बाबा, एक विचारू? बॉयलरचं.”

“विचार की.” ते जरा सावरून बसले. बॉयलरचं विचारणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

“समजा गेज बॉयलरला न लावता खाली जमिनीजवळ लावला, नळी सोडून. काटा तेवढाच दाखवेल?”

“कसा दाखवेल? नळीत पाणी साठतं ना. त्या पाण्याचं वजन काट्यात मिसळतं. दहा मीटर खाली लावलास तर एक किलो दाब जास्त दाखवणार. आमच्याकडे नवा इंजिनिअर आला होता, त्याने तसंच केलं. महिनाभर जास्त दाब जास्त दाब म्हणून बोंबलत होता.” ते रंगात आले होते. “म्हणून गेज वाचायचा तर आधी बघायचं, गेज बसलाय कुठे. वर लावला तर उलटं, कमी दाखवेल. आणि भट्टी नुकती पेटवली की वाचायचा नाही. स्थिर होऊ द्यायचा, मग...”

ते थांबले. कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच राहिला.

चिंगीच्या श्वासाचा आवाज येत होता. सासऱ्यांनी आपला उजवा हात हळूच खाली सोडला, खुर्चीच्या बाजूला. त्याच्याकडे बघितलं. मग तो वर उचलला, कपाळाच्या रेषेपर्यंत. त्याच्याकडे पुन्हा बघितलं.

“नळी,” ते स्वतःशीच म्हणाले.

तिला वाटलं होतं, हे बघून आपल्याला जिंकल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. चाळीस वर्षं ज्याने काटा वाचला, त्याला आपण काटा वाचायला चुकलो हे कळतंय, हे समोर बसून बघणं सोपं नव्हतं. तिने उगाच कप उचलून आत नेले आणि नळ सोडून उभी राहिली.

“रविवारी जायचंय,” बाहेरून आवाज आला. “चिंगीला घे.”

“आधी दवाखान्यात जाऊ या.”

“आधी तिथे. मला खात्री करून घेऊ दे.”

तिने बरंच समजावलं. शेवटी गोळी त्या दिवसापासून घेतो एवढं त्यांनी कबूल केलं आणि तिच्यासमोर घेतलीही. रविवारपर्यंत ती धास्तावलेलीच होती; त्यांनी चमचा जरी खाली पाडला तरी ती दारात येऊन उभी राहायची.

रविवारी रांग तशीच होती. टायपिस्टबाईंची बातमी पोचली होती, पण वेगळ्या रूपात: “पट्टी होती म्हणून थोडक्यात निभावलं.” जिन्याच्या तळाशी सासऱ्यांनी आपली पट्टी काढली आणि नातीच्या पायात अडकवली. चिंगी खूश. प्रत्येक पायरीवर पाय आपटत चढली.

वरच्या टेबलावर, उभ्याने, हात खाली: एकशे पंच्याऐंशी. मग आत वीस मिनिटं. मग उंच उशी, मनगट कपाळाशी.

“एकशे चाळीस!” वहिनींनी पुकारलं. “काटेवाले आजोबा पंचेचाळीसने उतरले!”

टाळ्या वाजल्या. त्या थांबायची वाट बघून सासरे म्हणाले, “पट्टी कुठंय माझी?”

वहिनींनी दोन्ही मनगटं बघितली.

“नातीच्या पायात. सकाळपासून. उतरला तो कशाने?”

लोक हसले. दादाही हसले. “आजोबा, नात तुमच्याच रक्ताची ना? रक्ताला अंतर नसतं! तिच्या पायातून तुमच्या हातात लहर गेली!”

“वा दादा!” मागून कुणीतरी म्हणालं.

“बरं,” सासरे म्हणाले. ते उठले नाहीत, चिडलेही नाहीत. “मग लहर चालू आहे तोवर एक करू. वहिनी, मशीन सोडू नका. आता माझा हात खाली सोडतो. मोजा.”

“असं परत परत मोजायचं नसतं...”

“मशीनवर विश्वास ठेवा म्हणालात ना? ठेवतोय.” बटण त्यांनी स्वतःच दाबलं.

एकशे चौऱ्याऐंशी.

हात वर उशीवर. पुन्हा बटण. एकशे एकोणचाळीस.

मग त्यांनी उशी बाजूला केली आणि मनगट दुसऱ्या हाताने छातीशी धरलं, हृदयाच्या उंचीला. पुन्हा बटण.

एकशे त्रेसष्ट.

“एक माणूस, एक मशीन, तीन मिनिटं,” सासरे म्हणाले. “तीन आकडे. दादा, यातला माझा कुठला?”

“मनात शंका आली की लहर तुटते. तुम्ही आज शंका घेऊन आलात.”

“हो, आलोय. शंका घेऊनच गेज वाचायचा असतो. मीच विसरलो होतो.” “हात खाली असला की रक्ताच्या उंचीचं वजन मशीनमध्ये मिसळतं. वर असला की वजा होतं. चुंबक नाही, लहर नाही. नळी आहे, नळी. आणि तीन जिने चढवून मोजता, ते कशासाठी, हे आता मला शिकवू नका.”

पुढच्या खुर्चीतल्या पोस्टमनने मशीन मागून आपल्या मनगटाला बांधलं आणि हात खाली सोडला. त्याचा आला एकशे पन्नास. वर केला, एकशे सहा. तो मशीनकडे बघत राहिला. मग शेजारच्या बाईने करून बघितलं. कुजबूज वाढली.

आता सगळे उठतील, दादांना जाब विचारतील, असं तिला वाटलं. पाच-सहाजण उठलेही. पण बाकीचे? एक जाडे गृहस्थ सासऱ्यांवरच खेकसले, “तुम्हाला नको असेल तर येऊ नका ना! आमचं चांगलं चाललंय त्यात कशाला पाय घालता?” एक बाई म्हणाल्या, “निदान इथे वीस मिनिटं शांत तरी पडता येतं.” त्या वीस मिनिटांची किंमत तिलाही ठाऊक होती. दादा तोवर पुन्हा सुरू झाले होते. “बघितलंत? एक शंका आणि अख्ख्या हॉलची ऊर्जा विस्कटली! चला, सगळ्यांनी डोळे मिटा...”

आणि लोकांनी डोळे मिटले.

तिघं खाली उतरली. चिंगीच्या पायातली पट्टी जिन्यात कुठेतरी निसटून पडली. कुणी शोधायला थांबलं नाही.

सोमवारी सिस्टरने मोजलं, दोनदा. एकशे साठ, खाली शंभर. गोळी पुन्हा सुरू होऊन पाचच दिवस झाले होते. रक्त-लघवीच्या तपासण्यांत कळलं की मूत्रपिंडावर थोडा ताण आलाय. “थोडाच आहे. आणखी सहा महिन्यांनी आला असतात तर वेगळं बोलले असते,” सिस्टर म्हणाली. रागावली नाही. मीठ कमी, रोज अर्धा तास चालणं, गोळी चुकवायची नाही, महिन्याने पुन्हा यायचं. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं. तोच तर घोटाळा आहे. खऱ्या उपायाला कधी टाळ्या पडत नाहीत.

दोन महिन्यांत फर्निचरच्या दुकानावरची पाटी उतरली. दादा पळाले म्हणून नव्हे, तर मोठी जागा मिळाली म्हणून. तिथेही जिना आहे म्हणतात.

टायपिस्टबाई आता फिरतात, थोडं बोलतात. उजव्या हाताची बोटं मांडीवर टकटक करत नाहीत. पट्टी अजून त्यांच्या मनगटावर आहे. तिने एकदा हळूच विचारलं, “काढू का मावशी?” तर त्यांनी हात मागे घेतला. “राहू दे गं. भीती वाटते.” गोळी मात्र घेतात, तिच्यासमोर, रोज. तिने त्यावर समाधान मानलंय. सगळ्यांच्या मनातलं सगळं काढता येत नाही. कुणाकुणाला पट्टीसकट गोळी द्यावी लागते.

सासरे आता दुपारी नातीला घेऊन चालायला जातात आणि भेटेल त्याला हात वर-खाली करून दाखवतात. काहीजण ऐकतात, काहीजण पुढे जातात.

ही गोष्ट इथे संपते. चमत्कार एवढाच होता: आधी दमवायचं आणि हात खाली, मग निजवायचं आणि हात वर. हे कुणीही घरी करून बघू शकतं, तिने केलंय. दाब नीट मोजायचा तर पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, तोंड बंद. आणि दाब, साखर यांसारखे आजार आत शिरताना आवाज करत नाहीत, म्हणून काही होत नसतानाच वर्षातून एकदा मोजायचे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. जो माणूस गोळी सोडा म्हणतो, त्याला आधी विचारायचं, मोजतोस कसा.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, ज्याची काळजी करायची गरज नाही असं तुम्ही धरून चाललाय. नियमित, समंजस, “मला काय धाड भरलीय” म्हणणारं. वडील असतील, थोरली बहीण असेल, शेजारचे काका असतील. हे वाचून झालं की त्यांच्याकडे जा, जमत नसेल तर फोन करा. शिकवू नका, रागावू नका. नुसतं विचारा, “शेवटचं कधी मोजलंत? गोळी चालू आहे ना?” आणि ते “हो हो” म्हणून विषय बदलू लागले, तर कितीही दमला असाल तरी फोन ठेवू नका. आणखी एकदा विचारा.